फांदीने आलेली झाडे

खामगावच्या इतिहासाला कागदपत्रांची वाण नाही, पण ते कागद बहुतेक कापसाचे आहेत. १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड कंपनी सरकारच्या हवाली केले. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी पेटली, लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला आणि वऱ्हाडच्या काळ्या जमिनीला एकाएकी भाव आला. १८६७ मध्ये जीआयपी रेल्वे नागपूरला पोचली. १८७० मध्ये जलंबपासून खामगावपर्यंतचा फाटा सुरू झाला, तेव्हा खुद्द गव्हर्नर जनरल लॉर्ड मेयो इथे आले. त्याच वर्षी आल्फ्रेड लायल यांचे वऱ्हाडचे गॅझेटियर छापून निघाले. खामगाव १९०५ पर्यंत अकोला जिल्ह्यात होते, मग ते बुलढाण्यात आले, त्यामुळे इथला इतिहास शोधणाऱ्याला दोन्ही जिल्ह्यांची दप्तरे चाळावी लागतात. गठ्ठे, दर, वाहतुकीचे भाडे, पाऊसपाणी, सारा, सगळ्याचा हिशेब त्यांत मिळतो. मात्र जुन्या बंगल्यांच्या फाटकाशी, शाळांच्या आवारात, गच्चीवरच्या फुटक्या बादलीत जो उंच, धारदार कण्यांचा निवडुंग उभा असतो आणि वर्षातून मोजक्या रात्री पांढरी फुले उघडतो, त्याच्यासाठी अशा दप्तरांत रकानाच नसतो. सरकारी नोंदीत झाड शिरते ते दोन वाटांनी: त्यातून महसूल मिळतो म्हणून किंवा त्याचा उपद्रव होतो म्हणून. खांबासारखा हा निवडुंग दोन्हींत बसला नाही. त्याचा इतिहास शोधायचा तर झाडाच्या अंगावरच वाचावा लागतो, आणि माझ्या मते तो तिथे पुरेसा स्पष्ट लिहिलेला आहे. तो असा, की ही झाडे बियांनी नव्हे, फांदीने आली. घरातून घरात, हातातून हातात गेली. आणि म्हणूनच ती घरातच राहिली, रानात गेली नाहीत.

आधी झाड नीट पाहू. आपल्याकडे सर्वांत जास्त दिसतो तो सेरियस वंशातला निवडुंग. रोपवाटिकांत त्याला ‘पेरुव्हियानस’ म्हणतात, पण पेरूशी त्याचा संबंध नाही. ही जात दक्षिण ब्राझील, उरुग्वे, उत्तर अर्जेंटिना या पट्ट्यातली आणि तिचे आजचे शास्त्रीय नाव सेरियस हिल्डमनियानस. निळसर हिरवा खांब, त्याला पाच ते आठ उभे कणे, कण्याच्या धारेवर थोड्या थोड्या अंतरावर लोकरीसारखी बारीक गादी आणि त्या गादीतून निघणारा काट्यांचा झुबका. याचा भाऊ ब्राझीलचा जमाकारू, जास्त काटेरी, वरच्या अंगाला झाडासारखा फांदलेला. याच घराण्यातली एक विकृत जात हौशी लोकांना फार आवडते: तिचे कणे तुटून गाठी-गाठी होतात आणि सबंध खोड वितळलेल्या मेणासारखे दिसते. दुसरी, पिळाची, जिचे कणे खोडाभोवती गोल फिरत वर जातात. खांबासारखी वाढ नसलेले पण रात्रीच फुलणारे दोन चुलते आपल्याकडे घरोघरी आहेत. एक तीनधारी, भिंतीवर मुळे रोवत चढणारा हायलोसेरियस, ज्याला आता सगळे ड्रॅगन फ्रूट म्हणून ओळखतात. दुसरे एपिफायलम, म्हणजे आपले घरगुती ब्रह्मकमळ. सेरियसची कळी कण्यावरच्या गादीतूनच निघते. काही दिवस ती हिरवट दांडीसारखी लांबत राहते, मग एका संध्याकाळी तिचे टोक सैल होते. अंधार पडला की बाहेरच्या तांबूस-हिरव्या पाकळ्या मागे वळतात, आतल्या पांढऱ्या उघडतात, शेकडो केसरांचा झुबका खालच्या बाजूला कलतो आणि मधून बोटे पसरल्यासारखी फाटलेली फिकट पिवळी कुक्षी पुढे येते. फूल वीतभर लांब असते. सकाळी ऊन चढले की ते मान टाकते. पुढे काय होते ते फारसे कोणी पाहत नाही, पण इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचे तेच आहे: दोन-तीन दिवसांत फूल देठासकट गळते आणि कण्यावर एक फिका वण उरतो. एकट्या झाडाला फळ धरलेले क्वचितच दिसते.

या वणाकडे वळण्याआधी एक गैरसमज बाजूला सारला पाहिजे. निवडुंग आपल्याकडे प्राचीन आहे, चरकसंहितेत आहे, मग तो परदेशी कसा, असा आक्षेप नेहमी येतो. चरकाच्या कल्पस्थानात ‘सुधाकल्प’ असा स्वतंत्र अध्याय आहे हे खरे, आणि भगंदरावरच्या क्षारसूत्राचा दोरा आजही स्नुहीच्या चिकाने माखतात हेही खरे. पण स्नुही, त्रिधारी, वई निवडुंग, शेर ही सगळी थोराच्या कुळातली, युफोर्बिया वंशातली झाडे. त्यांची आणि कॅक्टसची नातीगोती नाहीत. कोरड्या हवेत पाणी साठवून जगायचे म्हणून दोघांनी एकसारखे रूप घेतले, एवढेच. फरक ओळखायला फांदी किंचित खरवडली तरी पुरे. पांढरा चीक ओघळला तर ते आपले जुने झाड. नुसते बुळबुळीत पाणी आले तर ते अमेरिकेतले. काट्यांवरूनही कळते: थोराचे काटे बहुधा जोडीने येतात, कॅक्टसचे गादीतून झुबक्याने. कॅक्टसचे अख्खे कुळ नव्या जगातले आहे. त्याला अपवाद एकच, आफ्रिका आणि श्रीलंकेत मुळातून आढळणारा ऱ्हिप्सॅलिस नावाचा झाडांवर लोंबणारा बिनकाट्याचा प्रकार. म्हणजे वऱ्हाडात जो कॅक्टस आहे तो कोलंबसानंतरचा, आणि त्याचा इतिहास फार तर पाचेक शतकांचा. ही मर्यादा एकदा मान्य केली की प्रश्न नेमका होतो: या काळात कोणते कॅक्टस कसे आले आणि आल्यावर कुठे गेले?

एकाचे उत्तर दप्तरात भरभरून मिळते. फड्या निवडुंग, ज्याला नागफणीही म्हणतात, तो सरकारी झाड होता. त्याच्यावर पोसणाऱ्या कोचिनील किड्यापासून किरमिजी रंग निघतो आणि त्या रंगाची मक्तेदारी स्पेनच्या हातात होती. ईस्ट इंडिया कंपनीला ती मोडायची होती. मद्रासमध्ये डॉ. जेम्स अँडरसन यांनी १७८० च्या दशकापासून त्यासाठी निवडुंगाची लागवड केली. १७९५ मध्ये कॅप्टन नीलसन यांनी रिओ द जानेरोहून किडा कलकत्त्याला आणला. तो निघाला रानटी जातीचा. रंग कमी देणारा, पण निवडुंग खाण्यात तरबेज. रंगाचा धंदा बुडाला आणि किडा जगला. पुढे तोच किडा मुद्दाम एका जातीचा निवडुंग मारायला वापरला गेला, आणि किड्याकडून तण मारवून घेण्याचा जगातला हा पहिला प्रयोग मानतात. तोवर फड्याच्या दुसऱ्या जाती दख्खनभर पसरल्या होत्या. कुंपण म्हणून त्याच्यासारखे स्वस्त काही नव्हते. मिठावरचा कर बुडू नये म्हणून इंग्रजांनी जी प्रचंड जकात-रेषा आखली, तिच्यावरच्या जिवंत कुंपणात बोर, बाभूळ, करवंद, थोर यांच्या जोडीला फड्या निवडुंगही होता. हे कुंपण उत्तरेत लेय्यापासून दक्षिणेला बऱ्हाणपूरपर्यंत, म्हणजे सुमारे तेराशे किलोमीटर गेले होते. बऱ्हाणपूर खामगावहून सरळ रेषेत पाऊणशे किलोमीटरवर आहे. १८६७ ते १८७० या काळात या खात्याचे आयुक्त होते ए. ओ. ह्यूम, पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारे. १८७९ मध्ये ती रेषा मोडली. मला ही हकिगत महत्त्वाची वाटते ती तिच्या भव्यतेसाठी नव्हे. काटेरी झाड हे राज्यकारभाराचे साधन कसे होते, ते तिच्यातून दिसते. आणि जे साधन असते त्याची नोंद होते, लांबी मोजली जाते, खर्च लिहिला जातो.

गावपातळीवर फड्याचे स्थान वेगळे होते. आपल्याकडे गावाच्या जमिनीचे दोन भाग: पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढरी. काळ्या जमिनीत पावसाळ्यात पाणी धरून राहते, निवडुंगाची मुळे कुजतात. शिवाय ती जमीन नांगराखालची. पांढरीचे तसे नाही. ओस पडलेल्या गढीचा ढिगारा, गावकुसाच्या पडक्या भिंती, मुरमाड उंचवटे, उकिरड्याच्या कडा, इथे फड्याने ठाण मांडले. त्याची लाल बोंडे पोरे खात आणि जिभा रंगवून घरी येत. त्याच्या आडोशाला साप, विंचू आणि रानडुकरे राहत. गावाच्या स्वच्छतेची चर्चा निघाली की पहिले बोट त्याच्याकडे जाई. दुष्काळात मात्र त्याचेच फडे काटे भाजून, तुकडे करून गुरांना घातले जात. शेवटी १९२६ मध्ये श्रीलंकेतून कोचिनीलची दुसरी जात दक्षिण भारतात आणली गेली. पाच-सहा वर्षांत तिथले सुमारे ४०,००० हेक्टर क्षेत्र फड्यापासून मोकळे झाल्याचे सांगितले जाते, आणि किडा उत्तरेकडे सरकत गेला. आज दख्खनच्या गावांतून फड्याची रानेच्या राने नाहीशी झाली आहेत ती मुख्यतः या कापसासारख्या पांढऱ्या किड्यामुळे. कपाशीवरच्या पिठ्या ढेकणाचा हा जवळचा नातलग आहे. कापूसवाल्यांनी ज्याच्या भाईबंदांना शिव्या घातल्या त्यानेच गावकुसे साफ केली.

आता खरा प्रश्न. एकाच कुळातले, एकाच खंडातून आलेले, एकाच उन्हात वाढणारे दोन निवडुंग. एकाने तालुकेच्या तालुके व्यापले, दुसरा कुंडीतून बाहेर पडला नाही. का? पहिले सुचते ते कारण हवामानाचे, पण ते टिकत नाही. सेरियसला वऱ्हाडचा उन्हाळा मुळीच जड जात नाही. त्याची पर्णरंध्रे रात्री उघडतात, दिवसा बंद असतात. बेचाळीस-त्रेचाळीस अंशांच्या दुपारी तो पाणी घालवत नाही आणि कण्यांची घडी आवळून-सैलावून साठा सांभाळतो. काळी जमीन त्याला सोसत नाही, पण ती फड्यालाही सोसत नव्हती, आणि पांढर दोघांनाही सारखीच खुली होती. दुसरे कारण जास्त आकर्षक आहे आणि वनस्पतींची आवड असलेले लोक ते हमखास सांगतात: रात्री फुलणाऱ्या कॅक्टसला त्याच्या मायदेशी वटवाघळे आणि लांब सोंडेचे निशाचर पतंग परागण करून देतात, मेक्सिकोतले लांब जिभेचे वटवाघूळ खांबनिवडुंगांच्या फुलोऱ्यामागून शेकडो किलोमीटरचा प्रवास करते, ते वटवाघूळ इथे नाही, मग फळ कसे धरणार? फड्याचे फूल दिवसा उघडते, आपल्या मधमाश्या त्यावर बसतात, म्हणून तो पसरला. हे ऐकायला चोख वाटते. पण इथेही निशाचर मधुपायींची कमी नाही. लांब सोंडेचे मोठे पतंग भारतभर आहेत. आपली फळभक्षी वटवाघळे मोहाच्या फुलांवर आणि आफ्रिकेतून आलेल्या गोरखचिंचेच्या रात्रीच्या फुलांवर जातात, आणि गोरखचिंचेला फळेही लागतात. परक्या झाडाच्या रात्रीच्या फुलाला इथे गिऱ्हाईक मिळत नाही, हे म्हणणे तिथेच खोटे पडते.

निर्णायक पुरावा मात्र फार दूरच्या एका वाळवंटातून येतो. इस्राएलच्या नेगेवमध्ये बेन गुरियन विद्यापीठातल्या योसेफ मिझराही आणि अविनोम नेर्ड यांनी याच सेरियसला फळपीक म्हणून उभे केले. तिथल्या बाजारात ते फळ ‘कोउबो’ या नावाने आले. त्या वाळवंटात अमेरिकेतली वटवाघळे नाहीत. परागण साध्या मधमाश्यांनी केले: फूल पहाटेपर्यंत उघडे असते आणि मधमाशी उजाडताच कामाला लागते, एवढा वेळ तिला पुरतो. त्यांना जे आढळले त्यातली कळीची गोष्ट अशी की हे झाड स्वतःच्या परागावर फळ धरत नाही. त्याला दुसऱ्या झाडाचा पराग लागतो, आणि दुसरे म्हणजे खरोखर दुसरे. त्याच झाडाच्या फांदीपासून वाढवलेले नव्हे. फांदीपासून केलेले झाड हे वेगळ्या कुंडीत उभे असलेले तेच झाड असते. शंभर घरांत शंभर कुंड्या असल्या आणि त्या सगळ्या एका मूळ फांदीच्या असल्या, तर परागण कितीही झाले तरी फळ नाही. आता खामगावच्या गच्चीवरचा तो वण पुन्हा पाहा. दरवर्षी फुलणारे आणि दरवर्षी निष्फळ गळणारे फूल सांगते, की आसपासची झाडे एकाच अंगाची आहेत, म्हणजेच ती बियांनी आलेली नाहीत. फड्याचे गणित उलटे होते: तो स्वतःच्या परागावरही बोंड धरतो, त्याची बी पाखरे नेतात, आणि तुटून पडलेला फडाही मुळे फोडतो. त्याला माणसाची गरज पहिल्या दिवशी होती, नंतर नव्हती. खांबनिवडुंगाला ती प्रत्येक पायरीला लागली.

फांदीचा प्रवास किती लांबचा असू शकतो याची दोन उदाहरणे पुरेशी बोलकी आहेत. ज्याला आपण ड्रॅगन फ्रूट म्हणतो त्या पांढऱ्या गराच्या जातीचे शास्त्रीय वर्णन हॅवर्थ यांनी १८३० मध्ये लंडनमध्ये केले, आणि ते केले चीनमधून आलेल्या झाडावरून. मध्य अमेरिकेतली वेल वनस्पतिशास्त्रज्ञांच्या हाती लागायच्या आधी चीनच्या बागांत पोचलेली होती. कँटनकडे तिची फुले सुकवून सूपात घालतात. दुसरे उदाहरण होनोलुलूचे. तिथल्या पुनाहो शाळेच्या दगडी भिंतीवरचे याच वेलीचे कुंपण १८३६ च्या सुमारास सिबिल बिंगहॅम या मिशनरी बाईंनी लावले असे मानतात, आणि फुलण्याच्या रात्री ते पाहायला गर्दी लोटते. दोन्हीकडे ना सरकार होते ना कंपनी. जहाजावरून आलेला एक तुकडा आणि तो मातीत खोचणारा एक हात. कॅक्टसचा तुकडा महिनाभर पाण्यावाचून कोरडा पडला तरी मरत नाही. उलट कापलेली बाजू सुकून तिच्यावर खपली धरली तरच लावल्यावर तो कुजत नाही. शिडाच्या जहाजावर इतर झाडांची रोपे पटापट दगावत. हा मात्र अडगळीत पडून प्रवास करायला जणू बनलेला.

यावर गंभीर आक्षेप येतो तो दुसऱ्या देशांतून. रात्री फुलणारे कॅक्टस रानात जात नाहीत असे कसे म्हणता? ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमध्ये हॅरिसिया नावाचा निवडुंग १८९० च्या दशकात कॉलिन्सव्हिलला शोभेसाठी आला आणि हजारो एकर कुरणे त्याने गिळली. १९७० च्या दशकात पिठ्या ढेकूण सोडून त्याला आवरावे लागले. दक्षिण आफ्रिकेत तर आपल्या ओळखीचा जमाकारूच तण म्हणून जाहीर आहे. हा आक्षेप योग्य आहे, आणि म्हणूनच मी फुलण्याच्या वेळेला कारण मानत नाही. हॅरिसिया स्वतःच्या परागावर फळ धरतो, त्याची लाल फळे पाखरे खातात आणि जमिनीखालचे कंद वरचा भाग कापला तरी फुटतात. दक्षिण आफ्रिकेतला जमाकारूही फळांनी आणि पाखरांनीच पसरला. जिथे फळ आहे तिथे रान आहे. आपल्याच घाणेरीकडे पाहा. तीही शोभेचे झाड म्हणूनच आली, इंग्रजांच्या बागेत मानाने लावली गेली, आणि काळ्या मण्यांसारखी तिची फळे बुलबुलांनी सबंध सह्याद्री-सातपुड्यात नेली. बागेतून आलेले झाड बागेतच राहते असा नियम नाही. फळ न धरणारे झाड राहते, एवढेच म्हणता येते. हेही कबूल करतो की दोन निरनिराळ्या वंशांचे सेरियस योगायोगाने शेजारी आले तर फळ धरेल, आणि कुठे कुठे ते धरतही असेल. तसे फळ जिथे दिसेल तिथे दोन वेगळ्या वाटांनी आलेल्या दोन फांद्यांची गाठ पडली असे समजावे. तो पुरावा माझ्या म्हणण्याला छेद देत नाही, उलट नकाशाला एक खूण जोडतो.

मग पहिली फांदी कोणाची? इथे कागद थोडी साथ देतात. मुंबईत १८३० मध्ये पश्चिम हिंदुस्थानची शेती-बागायत संस्था निघाली, शिवडीला तिची बाग होती, आणि तिच्याच प्रयत्नांतून १८६२ मध्ये भायखळ्याची राणीची बाग उघडली. जॉन ग्रॅहॅम या टपाल खात्यातल्या अधिकाऱ्याने मुंबई परिसरातल्या झाडांची यादी केली, ती १८३९ मध्ये छापली गेली. तिच्यात रानटी झाडांबरोबर बागेत लावलेलीही आहेत. पुण्याला १८७३ मध्ये गणेशखिंडीची वनस्पती-बाग झाली, आणि तिचे व्यवस्थापक जी. एम. वुड्रो यांच्या बागकामाच्या पुस्तकाच्या बऱ्याच आवृत्त्या निघाल्या. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याचा वनस्पतिकोश १९०१ ते १९०८ मध्ये आला. पण वऱ्हाड मुंबई इलाख्यात नव्हते. आधी ते हैदराबादच्या रेसिडेंटाकडे, १९०३ नंतर मध्यप्रांताला जोडलेले. इलाख्याची हद्द जिथे संपते तिथे कुक यांचे पुस्तकही थांबते. खामगावचे नशीब असे की व्यापाराने ते मुंबईला बांधलेले आणि कारभाराने दुसरीकडे.

यावरून कोणी म्हणेल की हा साहेबी शौक होता, आणि हातातून हातात वगैरे म्हणणे म्हणजे त्याला उगाच लोकपरंपरेचा मुलामा देणे. शौक साहेबी होता यात शंका नाही. युरोपात रात्री फुलणारा कॅक्टस हा काचघरातला सोहळा होता. १८०० साली लंडनमध्ये थॉर्नटन यांच्या ‘टेंपल ऑफ फ्लोरा’ या ग्रंथासाठी काढलेल्या चित्रात त्या फुलामागे चांदणे आणि मध्यरात्र दाखवणारे मनोऱ्यावरचे घड्याळ रंगवले आहे, मेक्सिकोचा मागमूस नाही. गठ्ठे बांधणाऱ्या प्रेसेस आणि परदेशी पेढ्या खामगावात आल्या, रेल्वेने दर आठवड्याची ये-जा सोपी केली, तेव्हा कुंड्याही आल्या असतील हे उघड आहे. पण झाड येणे आणि झाड पसरणे या दोन वेगळ्या घटना आहेत. साहेबाच्या बंगल्यातून जे आले त्यातले किती उरले? युरोपातल्या हंगामी फुलझाडांना दरसाल बी मागवावे लागे, माळी लागे, पाणी लागे. खांबनिवडुंगाला यातले काही नको होते. फांदी मोडली तरी फुकट, लावायला मुरूम आणि फुटके भांडे, पाणी आठवड्याला नाही दिले तरी चालते. उन्हाळ्यात प्यायच्या पाण्याची ददात असलेल्या या पट्ट्यात ही मोठी गोष्ट आहे. साहेब गेले, माळी गेले, बंगल्यांची कचेरी किंवा गोदामे झाली. झाड टिकले ते कुणीतरी जाता-येता फांदी मागून नेली म्हणून. रोपवाटिका हा तालुक्याच्या गावांत नंतरचा प्रकार. त्याआधी फुलझाड मिळवायची रीत म्हणजे शेजारच्या काकूंकडे फांदी मागणे.

ब्रह्मकमळाच्या रात्री हे जास्त ठळक दिसते. कळी कोणत्या रात्री उमलणार याचा अंदाज एक-दोन दिवस आधी येतो, वाकलेला देठ वर उचलू लागतो. मग शेजारपाजारच्यांना निरोप जातात, चहा होतो, फुलाला हळदकुंकू वाहतात, काही घरी आरतीही होते, आणि निघताना कुणीतरी पानाएवढा तुकडा कागदात गुंडाळून नेते. (ते पान नसते, चपटे खोड असते; म्हणूनच ते रुजते.) हा विधी पुराणांतला आहे असे मानणारे पुष्कळ आहेत. हिमालयातले ब्रह्मकमळ वेगळ्याच कुळातले, सूर्यफुलाच्या गोतातले, तीन-साडेतीन हजार मीटरच्या वरच उगवणारे; खामगावच्या उन्हात ते एक दिवस तगणार नाही. आपल्या घरातले एपिफायलम मेक्सिको-ग्वाटेमालाकडचे, १८२० च्या दशकात शास्त्राला माहीत झालेले. म्हणजे हा विधी जुना असूच शकत नाही. याने त्याची किंमत कमी होते असे मला वाटत नाही. देवघरातल्या परंपरेचा दोनेकशे वर्षांच्या आतला जन्म इतक्या स्पष्टपणे दाखवता येण्याची उदाहरणे थोडी आहेत. आणि ज्या फुलाला फळ धरत नाही त्याने आपली पुढची पिढी माणसांच्या अगत्यावर सोपवली, तिथे त्या अगत्याला विधीचे रूप आले, हा कार्यकारणसंबंध मला योगायोग वाटत नाही. सेरियसच्या वाट्याला हे आले नाही. तो काटेरी, दाराच्या आत नको म्हणून फाटकाशी ठेवलेला. त्याचे फूल ब्रह्मकमळापेक्षा तिळभर उणे नसताना त्याच्यासाठी कोणी चहा ठेवत नाही.

गेल्या काही दशकांत या घराण्यातल्या एका झाडाने वाट बदलली आहे. तीनधारी हायलोसेरियस आपल्या रोपवाटिकांत आला होता तो खालचा खुंट म्हणून. लाल-पिवळ्या गोळ्यासारखा जो कॅक्टस छोट्या कुंडीत विकला जातो, त्या गोळ्यात हरितद्रव्य नसते. तो स्वतःचे अन्न करू शकत नाही, म्हणून हिरव्या तीनधारी खुंटावर त्याचे कलम बांधतात. दोन-तीन वर्षांत गोळा मरतो, लोक कुंडी फेकतात, आणि खुंट कोपऱ्यात फुटत राहतो. तोच खुंट आज सांगली, सोलापूरकडच्या कोरडवाहू शेतात सिमेंटच्या खांबांवर रांगेने चढवलेला दिसतो. बारामतीजवळ माळेगाव खुर्दला केंद्र सरकारची अजैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे, ती या पिकावर काम करते. गुजरात सरकारने जानेवारी २०२१ मध्ये त्याला ‘कमलम’ नाव दिले. म्हणजे रात्री फुलणाऱ्या कॅक्टसला अखेर सरकारी रकाना मिळाला. आणि हे पीक फांदीच्या जुन्या नियमाने चालत नाही. पांढऱ्या गराच्या बऱ्याच वाणांना स्वतःच्या परागावर फळ धरते. लाल गराच्या वाणांना सहसा दुसऱ्याचा पराग लागतो, म्हणून जाणते शेतकरी रांगांत वाण मिसळून लावतात किंवा रात्री कुंचला घेऊन फुलाफुलांशी जातात, आणि पहाटे उरलेले काम मधमाश्या करतात. फुलापासून महिनाभरात फळ तयार. फळात काळ्या बारीक बिया शेकड्यांनी, गर गोड, आणि फाटलेल्या फळावर बुलबुल-साळुंक्या तुटून पडतात. फांदीने आलेल्या झाडाला इथे पहिल्यांदाच बी मिळाले आहे आणि ते नेणारी पाखरेही. दक्षिण आफ्रिकेत ही वेल बागेबाहेर पडून झाडांवर चढलेली आहे. वऱ्हाडात ती चढेल की नाही हे ठरायला कडुनिंबाच्या बेचक्यात पडलेली एक बी आणि दोन बरे पावसाळे पुरेसे आहेत. आणि ती चढली, तर तिची नोंद वनखात्याच्या तणांच्या यादीत होईल.